इथं मला मावशी म्हण

६ जानेवारी २०२५, सोमवार

डावा गुडघा कसा आहे? — बरा आहे. उठताना कुरकुरला, मग गप बसला. उजवा? — तो रुसलाय, त्याचं विचारूच नको. डोळे? — मोतीबिंदू काढल्यापासून समोरच्या गच्चीवरच्या वाळवणातली मिरचीन् मिरची दिसते. बी.पी.? — गोळीच्या धाकात आहे. दारातला कढीपत्ता? — पानं गळाली, जीव धरून आहे. शेजारची बानो? — खोकते. तिची शेळी? — बानोपेक्षा ठणठणीत. भिंतीवरचे आमचे मालक, नरसिंग? — फोटोत जाऊन बारा वर्षं झाली, तक्रार नाही, म्हणजे बरेच असतील.

आणि महामाया?

माहीत नाही.

नवी वही, म्हणून रीतीनं सुरुवात केली. पूर्वी पत्रात अशी एकेकाची खुशाली विचारायची. आता पत्र लिहायचं कुणाला! लेक महामाया लातूरला. नांदेड-लातूर म्हणजे काय लंका आहे? सकाळची एसटी धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतं. पण वर्षाला दोन फोन — चौदा एप्रिलला एक, बुद्धपौर्णिमेला एक. “जयभीम आई. बरी आहेस? गोळ्या घेतेस ना? ठेवते.” नऊ वर्षं असंच. पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. रीत सव्वा महिन्याची. बाराव्या दिवशी पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि जावयासोबत निघाली. मी दारात शिदोरी घेऊन उभी. घेतली नाही.

का, ते मला माहीत आहे. वहीला सांगायचं का, ते अजून ठरलं नाही.

७ जानेवारी, मंगळवार

फोन वाजला! मला वाटलं — पण नाही. दुसराच आवाज.

“मावशी, ओळखलं का?”

“न्हाई बाई. कोण?”

“जिक्रा. भिंतीला टेकलेली.”

लगेच ओळखलं. ही पोर शिकाऊ डॉक्टर म्हणून मी आया होते त्या बाळंतखोलीत पहिल्यांदा आली तेव्हा रक्त बघून भिंतीला टेकली ती सरळ खालीच बसली. मी पाणी पाजलं. म्हटलं, ऊठ गं माय, झालंय ते तिला, तुला न्हाई. आता मोठी डॉक्टर झाली. नर्सिंगच्या पोरींना आणि नव्या डॉक्टरांना शिकवते म्हणे.

“मावशी, मला एक बाळंतीण पाहिजे.”

“मग वॉर्डात विचारा की. मी रिटायर होऊन सहा-सात वर्षं झाली.”

“तसली न्हाई. खोटी. तुम्ही.”

“सहासष्टाव्या वर्षी? लोक काय म्हणतील!”

“लोकांना सांगू, उशिरा का होईना, लागला गुण.”

हसून हसून पोटात दुखलं. मग तिनं नीट सांगितलं. पोरं सगळं प्लास्टिकच्या बाहुलीवर शिकतात. डोकं कसं धरायचं, टाके कसे घालायचे. पण बाहुलीला कुणी वाईट बोललं तर बाहुली घरी जाऊन रडत नाही. म्हणून टेबलावर जिवंत बाई हवी. आधी आपण वागतो तसं वागून दाखवायचं, मग वागायला पाहिजे तसं. “बाहेर यंत्रं लई आली मावशी, बोलणं तेवढं जुनंच राहिलं.”

मीच का? — “तुमच्याइतकी मायेनं कंबर चोळणारी दुसरी मावशी मी बघितली नाही.”

हाव म्हटलं. खरं कारण एवढंच — चार माणसांत जायला मिळत होतं.

९ जानेवारी, गुरुवार

बानोनं भिंतीवरून मुंडकं काढलं. “अगे सरजा, सुनी मैं — तू बाळंत होनेवाली बोलते?”

“हाव. झबली शिवायला घे.”

“झबला सीतूं, शक्कर बाँटतूं, मगर बाप का नाम क्या बताऊँ लोगां को?”

दोघी इतक्या हसलो की तिला ढास लागली. शेळी घाबरून ओरडली.

१० जानेवारी, शुक्रवार

शाळा झाली पहिली!

गार खोली. खुर्च्या मऊ. मधोमध टेबलावर ती प्लास्टिकची बाई — कंबरेपासून गुडघ्यापर्यंतच. वर काही नाही. म्हटलं, उरलेली बाई कुठाय? सिस्टर दीपमाला हसली, “मावशी, कंपनीकडून एवढीच येते.” दीपमाला इथली स्टाफ नर्स, जिक्रा मॅडमच्या हाताखाली शिकवायला असते. गोड पोर, चालताना मुंगीला वाट देईल.

मी तोंडातलं बोलून टाकलं — “एवढ्याच बाईवर शिकलं की पुढं सबंध बाई आली तरी एवढीच दिसती.”

जिक्रा मॅडमनं ते फळ्यावर लिहिलं! माझं वाक्य, फळ्यावर. दुसरीत शाळा सुटली माझी. अक्षरं लागली ती बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आणि केसपेपर चाळून चाळून. नरसिंग असते तर पेढे वाटले असते.

मग कंबर चोळायची शिकवली. बोटं नाही, तळहाताची टाच. माकडहाडाच्या वर दोन्हीकडं खळ्या असतात, तिथं. कळ चढेल तसा दाब द्यायचा, उतरेल तसा सोडायचा. पोळी लाटायची नाही, कणीक तिंबायची. एकमेकींच्या कमरेवर करायला लावलं. विसेक पोरी-पोरं, खी खी खी. देगलूरकडची नीलम्मा म्हणून एक आहे, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरी तेलुगू बोलतात, मराठी मात्र आपल्यापेक्षा फाडफाड. ती म्हणाली, “मावशी, हे पुस्तकात का नाही?”

“लिहिणाऱ्याची कंबर दुखली नसंल.”

चार तास कुणी ना कुणी “मावशी, मावशी” करत होतं. घरी येऊन कुलूप उघडलं तर कुलपाचाच आवाज मोठा वाटला.

१२ जानेवारी, रविवार

आज भाजीवाल्याशी सोडून कुणाशी बोलले नाही. त्याच्याशीही मेथीबद्दलच.

१४ जानेवारी, मंगळवार

लातूरचा नंबर लावला. एक रिंग झाली. मीच कापला. तिच्याकडं माझं नाव दिसलं असेल. उलटा फोन आला नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज टेबलावर चढले.

काय सांगू. चौतीस वर्षं त्या टेबलाशेजारी उभी होते, वर कधी नव्हते. माझं बाळंतपण घरी, उमरीला, सासूच्या हाताखाली झालं. टेबल उंच असतं! गार असतं. पाठीखाली रेक्झिन चिकटतं. आणि वर बघायला पंख्याशिवाय काही नाही. साडी नीट गुडघ्यापर्यंत होती, वर चादर होती, तरी पायाकडून वारं आल्यासारखं वाटलं. विसेक तोंडं माझ्या पायांकडं. एकही माझ्या तोंडाकडं बघेना.

दीपमालाच्या हातात कागद. त्यावरची वाक्यं तिनं मोठ्यानं म्हणायची, मी कण्हायचं. जिक्रा मॅडम म्हणाल्या, ही वाक्यं मी बनवली नाहीत, बायांना विचारून विचारून गोळा केलीत.

“ए बाई, पाय नीट घे!”

कण्हले.

“तूच एकटी जनून राहिली का? साऱ्या दुनियेच्या बाया जनल्या.”

कण्हले. पोरं हसत होती, मीही हसू दाबत होते.

“तवा गोड लागलं, आता कामून बोंबलतीस?”

कण्हणं बंद झालं माझं. आलंच नाही पुढं. दीपमालानं कागदावरून मान वर केली — “मावशी?” मी पंख्याकडं बघत होते. डोळ्यातून पाणी कानात गेलं. कानात पाणी गेलं की आवाज लांबून येतात, तसं झालं.

ते वाक्य माझं आहे. बाया म्हणाल्या असतील, कुणीतरी मावशी बोलली म्हणून. पण ती चाल माझी, तो “कामून” माझा. चौतीस वर्षांत किती जणींना ऐकवलं असेल त्याचा हिशोब मला तरी लागणार नाही.

उठवून बसवलं. पाणी दिलं. मॅडमनं विचारलं, “मावशी, आतून कसं वाटलं? मोकळेपणी सांगा.” सगळ्यांच्या पेनांची टोपणं निघाली.

मी म्हटलं, “टेबल गार हाय.”

सगळे हसले. लिहून घेतलं — टेबलावर चादर अंथरावी. एवढंच निघालं माझ्या तोंडून! खोटारडी.

१८ जानेवारी, शनिवार

बरं. लिहिते.

मी मारत होते.

मांडीवर. चापट. कधी एक, कधी दोन. रागानं नाही — हे लिहिलं आणि परत वाचलं. रागानं कधी कधी, पण बहुतेक वेळा रागानं नाही. मला ते काम वाटायचं. नवी लागले तेव्हा मल्लम्मा म्हणून जुनी आया होती. देगलूरची, हाडापेरानं भक्कम. ती म्हणायची, “बाई भ्यायली की आखडती. एक दिली की सैल होती, जोर येतो. लेकरू वाचतं.” तिनं मारलं, लेकरू झालं. मी मारलं, लेकरू झालं. मारल्यामुळं झालं का मारूनसुद्धा झालं, हे कोण बघतं! कोंबडं आरवतं आणि उजाडतं.

डॉक्टर बघायचे, बोलायचे नाहीत. सिस्टर बघायच्या, बोलायच्या नाहीत. नवी पोरं कोपऱ्यात उभी राहून बघायची — तीसुद्धा शिकतच होती की. कुणी न शिकवता पक्कं शिकली. त्यातल्या कितीजणी आज कुठल्या कुठल्या दवाखान्यात असतील. माझा हात घेऊन गेल्या असतील.

आणि हेही खरं की मी त्यांची कंबर चोळली. वेण्या घातल्या. घरून भाकर आणून दिली. दोन्ही मीच.

२४ जानेवारी, शुक्रवार

घरी आले ती वहीच घेऊन बसले.

मॅडमनं आज गोळा केलेले कागद वाटले. एकेका बाईची हकिगत, एकेका कागदावर, छापलेली. नाव नाही, फक्त गाव — मुखेड, उमरी, देगलूर, लातूर. ज्याच्या हातात जो येईल तो त्यानं मोठ्यानं वाचायचा. मला उरलेला आला. लातूर.

माझा नंबर यायच्या आधी मनात वाचायला घेतला, ओळीखाली बोट ठेवून. वाचत गेले. मग मॅडमना म्हटलं, चष्मा विसरला, नीलम्माला द्या. चष्मा नाकावर होता. नीलम्मानं वाचला. मी कागद पिशवीत घातला आणि घरी आणला. उतरवून ठेवते —

“माझं पहिलं बाळंतपण. माहेरी गेले होते. बाळंतखोलीत एक मावशी होती. शेवटी शेवटी सोसवेना तेव्हा मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला आणि मांडीवर दोन मारल्या. सगळ्यांसमोर. म्हणाली, तवा गोड लागलं, आता कामून बोंबलतीस. मुलगी झाली. नंतर त्याच मावशीनं डब्यातली अळिवाची खीर मला चमच्यानं भरवली. मी खाल्ली, भूक लागली होती. मारलेलं कदाचित विसरले असते. पण खीर गोड होती आणि मी गोड म्हटलं, ते विसरत नाही. आता आमच्या घरात अळीव आणत नाही. दुसरं मूल मी होऊ दिलं नाही. डॉक्टर विचारतात, काय बदलायला पाहिजे. मला वाटतं, मारणाऱ्या बाईला कुणीतरी शिकवायला पाहिजे होतं.”

खीर मी पहाटे उठून केली होती. गूळ जास्त घातला होता, तिला आवडतो म्हणून.

२५ जानेवारी, शनिवार

सगळं लिहिते. आता काय झाकायचं!

त्या आठवड्यात वॉर्डात बोंबाबोंब झाली होती. एका सिस्टरच्या नात्यातलीला खाट मिळाली आणि खेड्यातली बाई फरशीवर. नातेवाईक ओरडले, “वळखीच्याला गादी, आमाला जमीन!” खरंच होतं ते. दोन दिवसांनी महामायाला कळा लागल्या. मी ड्यूटीवर. दारातच मी तिला सांगितलं — “हे बघ, इथं मला मावशी म्हण. आई म्हणू नको. लोक म्हणतील, आयाची पोर म्हणून लाड चाललेत.” चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली माझी शहाणी पोर. मान हलवली.

कळ आली की जगातली कुठलीही बाई “आई गं” म्हणून ओरडते. हिंदू असो, मुसलमान असो, तेलुगू असो. माझी पोर ओठ चावून “मावशी... मावशी...” म्हणत होती. सहा तास. मी दोनदा कंबर चोळून आले, परक्यासारखी. शेजारच्या टेबलावरची बाई रडत होती, तिच्याकडं जास्त थांबले. मुद्दाम! लोकांनी बघावं म्हणून.

आणि अगदी शेवटी, डोकं दिसायला लागलं तेव्हा, तिच्या तोंडून निघालं — “आई!” माझा हात धरला. गच्च.

मी सोडवला. मारलं. आणि ते वाक्य — माझ्या पोटच्या पोरीला — आपसूक निघालं. जीभ वळलेलीच होती त्या वाटेला. लोक म्हणतात आपला तो बाब्या आणि लोकाचं ते कार्टं. मी उलटं करून दाखवलं. वर अभिमान की बघा, सरजाबाई कशी सगळ्यांना सारखी!

केसपेपरवर सिस्टरनं लिहिलं — नॉर्मल. मुलगी. दोन किलो आठशे. बाळ-बाळंतीण सुखरूप.

२६ जानेवारी, रविवार

बानोला सांगितलं. तिचाच चहा, तिच्याच ओट्यावर. ती कागद हातात धरून बसली, मराठी वाचता येत नाही तरी.

मग म्हणाली, “मावशी बोली ना उने? माँ नै बोली?”

“न्हाई. एक मावशी, एवढंच.”

“तेरा पर्दा रखी रे सरजा. बच्ची ने तेरा पर्दा रखी.”

असेल, माझी अब्रू झाकली असेल. नाहीतर असं असेल की तिला सांगायचीच लाज वाटली, मारणारी आई होती म्हणून. नाहीतर अजूनही माझाच हुकूम पाळते आहे. नाहीतर त्या दिवसापासून मी तिची आई नाहीच, खरंच कुणीतरी मावशी. चारातलं कुठलं खरं, हे तीच सांगू शकते. मी विचारू शकत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

फार वाईट झालं आज. की बरं झालं? कळत नाही.

मी मॅडमना म्हटलं, मला टेबलावर नको, मला मावशी करा. वाईट मावशी. मला जमतं ते. त्यांनी जरा बघितलं माझ्याकडं, पण हो म्हणाल्या. टेबलावर नीलम्मा. तिला कण्हायला सांगितलं तर पोर मन लावून कण्हायला लागली. खोलीतलं हसणं थांबलं इतकं खरं. मी वाक्यं म्हणत होते. कागद लागला नाही. आणि मग तिनं माझा हात धरला — असं काही ठरलं नव्हतं, तिला आपलं सुचलं — आणि आवाज आला.

फाट्कन.

माझा हात तिच्या मांडीवर होता. मी मारलं होतं. खरंच मारलं होतं! डोक्याला कळायच्या आधी हातानं केलं. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली आणि हाताला पेन्शन मिळालीच नाही.

दीपमालाचं तोंड उघडंच. नीलम्मा उठून बसली. मी म्हटलं, “लागलं का गं?” असं वाटत होतं की ती म्हणेल नाही मावशी, हळूच लागलं.

ती म्हणाली, “लागलं. आणि मी भ्याले. मला माहीत होतं नाटक आहे, तरी.”

मी तिच्यासमोर हात जोडले. तिनं ते खाली केले नाहीत, धरलेही नाहीत, नुसती बघत राहिली. मग मी वळून सगळ्यांना सांगितलं. मल्लम्मा, मी, दारात काय सांगितलं, खीर — सगळं. “गेल्या शुक्रवारी नीलम्मानं वाचला तो लातूरचा कागद माझ्या पोरीचा हाय. त्यातली मावशी मी.”

मागून एक शिकाऊ डॉक्टर, नाव माहीत नाही, म्हणाला, “मग तुम्हीच मारलं आणि तुम्हीच आम्हाला शिकवता?”

जिक्रा मॅडम बोलायला लागल्या. मी म्हटलं, थांबा. त्याचं बरोबर हाय. म्हटलं, “बाबा, माझ्याकडून कंबर चोळायची शिक. आणि हात कसा उठतो तेही बघून ठेव. तुला वाटतंय तुझा उठणार न्हाई. सलग तिसरी ड्यूटी, सहा टेबलं, बाहेर पुढारी ओरडून राहिला — तवा बघू. मलाही पहिल्या दिवशी मल्लम्मा राक्षसीण वाटली होती.”

तो खाली बसला. आणि नीलम्मा, मांडी चोळत, म्हणाली — “मॅडम, एकटीनं थांबत नसेल हात, तर दोघींनी उभं राहायचं. एकीचा हात उठला, नायतर जीभ उठली, तर दुसरीनं फक्त ‘हात’ म्हणायचं. मोठं-छोटं बघायचं न्हाई. आयानं डॉक्टरला म्हटलं तरी चाललं पाहिजे.”

मग ते करून बघितलं. दहादा. कुणी आवाज चढवला की समोरची — “हात!” सुरुवातीला शिकाऊ पोरी डॉक्टरला म्हणायला लाजत होत्या. शेवटी शेवटी एकीनं जिक्रा मॅडमनाच म्हटलं. मॅडम खरंच थांबल्या.

माझ्या काळी एखादी असती असं म्हणणारी! पण मी तरी मल्लम्माला कुठं म्हणाले.

१ फेब्रुवारी, शनिवार

जिक्रा मॅडम घरी आल्या. बानोनं भिंतीवरून खारी पाठवली. मॅडम चहा पिता पिता म्हणाल्या, “मावशी, मला ठाऊक असतं तर तो कागद तुमच्या हातात पडू दिला नसता.”

“मग मी आणखी दहा वर्षं चांगली मावशी राहिले असते.”

“तुमच्याबद्दल मी खोटं नव्हते बोलले. मी भिंतीला टेकले तेव्हा तुम्हीच पाणी दिलं.”

“तुम्ही डॉक्टर होता म्हणून दिलं का, याचाही विचार करून राहिले मी.”

जाताना चपला घालता घालता सांगितलं — हीच शिकवणी लातूरला करायची आहे, एकवीस तारखेला. तिथल्या नर्सिंगच्या पोरी, आया, डॉक्टर, सगळ्यांना एका खोलीत. “तुम्ही आलात तर... काल सांगितलंत तसं. दुसरं कुणी सांगू शकणार नाही. पण ओझं घेऊ नका.”

लातूर!

४ फेब्रुवारी, मंगळवार

महामायाला तीन पत्रं लिहिली. तिन्ही फाडली. पहिल्यात मल्लम्माला दोष. दुसऱ्यात खाट न मिळालेल्या बाईच्या नातेवाइकांना. तिसऱ्यात माझ्या एकटेपणाचं रडगाणं, म्हणजे तिनं मलाच समजवावं. चौथं लिहिण्याची हिंमत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

गुडघा दुखतो. कढीपत्त्याला पाणी घातलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नीलम्माचा फोन! नंबर मॅडमकडून घेतला म्हणे. “मावशी, आज वॉर्डात मी एका सिस्टरला ‘हात’ म्हटलं. खूप रागावल्या. पण हात खाली घेतला.” मग जरा थांबून — “मांडी बरी आहे माझी. तुम्ही विचारलं न्हाई, म्हणून सांगितलं.”

मी विचारायला पाहिजे होतं. सहा दिवसांत सुचलं नाही मला. अजून शिकायचं किती आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

महामाया,

पत्र जमत नाही, म्हणून ही वहीच पाठवते आहे. सकाळच्या लातूर गाडीनं पार्सल. ही पानं तुझ्यासाठी लिहिली नव्हती, म्हणून यात मी तुझ्यासमोर बसले असते तशी सावरून बसलेली नाही. वाचायची नसली तर वाचू नको. फाडलीस तरी चालेल.

एकवीस तारखेला मला तुझ्या गावात बोलावलं आहे, तू सोसलंस ते उभं राहून सांगायला. ते दुखणं तुझं आहे. ते मी कुठं न्यायचं आणि कुठं नाही, हे तू ठरव. तू नाही म्हणालीस तर मी येणार नाही, आणि का आले नाही हे कुणाला सांगणार नाही. हो म्हणालीस तर सांगेन, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. तुझ्या दारात येणार नाही.

हो की नाही, एवढाच एक शब्द लिही. पण लवकर लिही.